पोर्ट, स्टारबोर्ड आणि आजोबांचा जमना

दर्याची भाषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही शाळेच्या सहलीला धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला आलो. बोटीवरचा एकजण दुसऱ्याला ‘पोर्टला बघ’ म्हणाला. मुलांनी लगेच विचारलं, ‘बाई, डावीकडे म्हटलं तर काय बिघडतं?’ मला सांगता आलं नाही. पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणजे नेमकं काय? हे शब्द आले कुठून? स्टारबोर्डचा ताऱ्यांशी काही संबंध आहे का?
(एक शिक्षिका, गुहागर)

उत्तर : बाई, काय बिघडतं ते मी चौदाव्या वर्षी याच खाडीत पाहिलं आहे. आधी तेवढं सांगतो, म्हणजे मुलांना पुढचं सोपं जाईल.

आमची होडी मीठ आणि सुकी मासळी घेऊन दाभोळहून गोवळकोटकडे निघाली होती. भरती लागलेली, पहाटेचं धुकं, सुकाणूवर काका. मी नाळीजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोर गुंडाळत बसलो होतो. पाठ नाळीला आणि तोंड काकांकडे. सहज मान वळवून मागं पाहिलं तर डोलीच्या जाळ्याचा एक खुंट धुक्यातून अंगावर येत होता, माझ्या उजव्या हाताच्या बाजूला. मी ओरडलो, ‘डावीकडे, काका, डावीकडे!’ काकांनी होडी डावीकडे घेतली. त्यांच्या डावीकडे. मी उलटा बसलो होतो, तेव्हा माझा उजवा हात ही होडीची डावी बाजू होती, आणि काकांनी माझं ऐकून होडी बरोबर त्या खुंटावर घातली. एक फळी फुटली. फटीत कापूस आणि फाटकं धोतर कोंबून आम्ही कसेबसे काठाला लागलो. मिठाच्या अर्ध्या गोणी विरघळून गेल्या.

घरी आल्यावर कुणी मारलं नाही. आजोबा पूर्वी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. ते एवढंच म्हणाले, ‘होडीत पाय ठेवलास की तुझं डावं-उजवं काठावर ठेवून यायचं. होडीचे हात होडीला असतात. तू कुठं तोंड करून बसलास ते तिला ठाऊक नाही.’

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू आणि स्टारबोर्ड म्हणजे बोटीची उजवी बाजू, बोटीच्या मागच्या टोकाकडून नाळीकडे तोंड करून पाहिलं असता. माणूस वळला, झोपला, डोलकाठीवर चढून मागं बघत बसला, तरी ती बाजू बदलत नाही. तुमच्या मुलांपैकी निम्मी धोपाव्याकडे आणि निम्मी दाभोळकडे तोंड करून उभी असणार. ‘डावीकडे बघा’ म्हटलं असतं तर दोघांनी दोन दिशांना पाहिलं असतं. ‘पोर्टला बघ’ म्हटल्यावर बोटीवरच्या सगळ्यांची नजर एकाच बाजूला जाते.

किनाऱ्यावरच्या खुणा मात्र बोट वळली की बाजू बदलतात. समुद्रावरून आमच्या खाडीत शिरताना दाभोळ पोर्टला आणि अंजनवेल स्टारबोर्डला येतं. बाहेर पडताना बरोबर उलट. वर्गात दोन बाकांमध्ये एक मुलगा चालवा, त्याला बोट करा आणि एका बाजूला दाभोळ, दुसऱ्या बाजूला अंजनवेल असं लिहा. पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल.

आता शब्दांकडे. स्टारबोर्डचा ताऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘स्टेऑरबोर्ड’ असा होता. त्यातला पहिला भाग म्हणजे आजचा ‘स्टिअर’, सुकाणू चालवणं, आणि ‘बोर्ड’ म्हणजे बोटीची बाजू. सुकाणूची बाजू, एवढाच अर्थ. पण सुकाणू तर मागं मधोमध असतं, त्याला बाजू कुठली? आज ते मधोमध असतं, हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या बोटींना तसं नव्हतं. मागच्या बाजूला, उजव्या अंगाला, एक रुंद पात्याचं मोठं वल्हं बांधलेलं असे आणि त्यानेच बोट वळवत. नॉर्वेत 1880 साली मातीच्या ढिगाऱ्याखालून गोकस्टाड नावाचं व्हायकिंग लोकांचं जहाज निघालं, त्याला हे सुकाणूचं वल्हं उजव्याच अंगाला आहे. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून वल्हंही त्याच बाजूला. मधोमध बसवलेलं सुकाणू युरोपात बाराव्या-तेराव्या शतकात रुळलं. वल्हं गेलं, नाव राहिलं.

डाव्या बाजूचं नाव याच वल्ह्यामुळे पडलं. धक्क्याला लागताना सुकाणूचं वल्हं धक्क्याकडे आलं तर चेपून मोडणार. म्हणून बोट कायम डाव्या अंगाने लावत. माल चढायचा-उतरायचा तोही त्याच बाजूने. जुन्या इंग्रजीत ती ‘लाडबोर्ड’, माल लादण्याची बाजू, आणि तिचंच पुढे ‘लारबोर्ड’ झालं. इथे पंचाईत झाली. एकीकडे स्टारबोर्ड, दुसरीकडे लारबोर्ड. वारा सुटलाय, शीड फडफडतंय, लाट नाळीवर फुटतेय आणि वरून कुणी ओरडलं तर कानावर फक्त ‘…आरबोर्ड’ येणार. म्हणून बंदराकडची बाजू या अर्थाने ‘पोर्ट’ हा आखूड, वेगळा शब्द खलाशांच्या तोंडी आला. ब्रिटिश नौदलाने 1844 साली हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि अमेरिकेच्या नौदलाने 1846 साली.

डच आणि जर्मन लोकांनी डाव्या बाजूला दिलेलं नाव मला फार आवडतं. जर्मन तिला ‘बाकबोर्ड’ म्हणतात. ‘बाक’ म्हणजे पाठ. उजव्या अंगाचं वल्हं दोन्ही हातांनी धरून सुकाणी उभा राहिला की त्याची पाठ डावीकडे येणार, म्हणून पाठीकडची बाजू. या एका शब्दातून तो माणूस कसा उभा होता ते डोळ्यांपुढे येतं. फ्रेंचांचं ‘बाबोर’ आणि स्पॅनिशांचं ‘बाबोर’ हेही त्याच घरातले.

आता आपलं. बाई, मुलांना हे नक्की सांगा, कारण हे पुस्तकात सहज मिळत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांना पोर्ट आणि स्टारबोर्ड इंग्रजांकडून शिकावं लागलं नव्हतं. त्यांची स्वतःची जोडी होती : डावा आणि जमना. डावा तर आपलाच. जमना म्हणजे उजवी बाजू, आणि यमुना नदीशी त्याचं नातं नाही. गुजरातीत उजव्या हाताला ‘जमणो’ म्हणतात. ‘जमवुं’ म्हणजे जेवणं, तेव्हा जमणो हात म्हणजे जेवायचा हात. कोकणातली गलबतं मुंबई-सुरत-काठेवाडच्या वाऱ्या करत. एकाच गलबतावर चार गावचे आणि तीन बोलींचे लोक. त्यांच्यात शब्दांची देवघेव झाली आणि पुढे इंग्रजांच्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी गेले तेव्हा ही जोडी त्यांच्याबरोबर गेली. त्या खलाशांच्या मिश्र भाषेला लस्करी म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांना बोट चालवायची तर ती शिकावी लागे, इतकी की थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्याने 1811 साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोश छापला. आपल्या तोंडातले किती शब्द असे दर्यावरून आले आहेत पाहा. सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. बोटीवरचा सारंग हा फारसी ‘सरहंग’.

आजोबा घरात उजवा म्हणत आणि होडीत जमना. होडीवर ‘उजवा’ हा शब्द त्यांनी कधी काढला नाही. ‘जमन्याला घे’ म्हटलं की ती होडीचीच बाजू, माणसाच्या हाताचा प्रश्नच नाही. त्या पहाटे मला हा शब्द सुचला असता तर फळी फुटली नसती. आज आमच्या बंदरात पोरं ‘पोर्ट’ म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण जमना विचारला तर नदीचं नाव सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेकडो वर्षं माणसांचे जीव राखलेला शब्द दोन पिढ्यांत असा जाऊ नये.

एक गोष्ट मुलं पुढं विचारतीलच. होडीच्या सुकाणूला दांडा असतो. दांडा डावीकडे ढकलला की होडी जमन्याला वळते. शिडाच्या जहाजांवर हुकूम दांड्याचा देत, बोटीचा नाही. ‘स्टारबोर्ड’ म्हटलं की दांडा स्टारबोर्डला आणि बोट पोर्टला. पुढे चाकं आली, दांडा दिसेनासा झाला, तरी हुकूम जुन्याच पद्धतीचा चालू राहिला. 14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिकसमोर हिमनग दिसला तेव्हा अधिकाऱ्याने ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ असा हुकूम दिला आणि बोट डावीकडे वळली. तो हुकूम चुकला नव्हता, त्या काळाच्या रीतीप्रमाणे बरोबरच होता. ब्रिटिश बोटींवर 1933 पासून ही रीत बदलली. तेव्हापासून हुकुमात जी बाजू, बोट त्याच बाजूला.

मी 1974 साली मालवाहू बोटीवर लागलो आणि पुढची 26 वर्षं बहुतेक सुकाण्याचंच काम केलं. हुकूम मिळाला की सुकाण्याने तो आधी मोठ्याने परत म्हणायचा. ‘स्टारबोर्ड टेन.’ मग चाक फिरवायचं, समोरच्या काट्यावर दहा अंश आले की पुन्हा सांगायचं, ‘व्हील इज स्टारबोर्ड टेन, सर.’ हुगळी नदीत वाट दाखवणारा पायलट बोटीवर असताना तीन-तीन तास हेच. नव्या पोरांना वाटतं, एकच गोष्ट दोनदा कशाला? मला मात्र प्रत्येक वेळी धुक्यातला तो खुंट आठवायचा. त्या दिवशी काकांनी ‘माझ्या डावीकडे?’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणचे. वडील सांगत की ‘पॉश’ हा शब्द मुंबईच्या बोटींवरून आला : जाताना पोर्ट, परतताना स्टारबोर्ड, या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं. श्रीमंत साहेबांच्या तिकिटावर तसा शिक्का असे म्हणतात. खरं का?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : गोष्ट सुरेख आहे, पण कोशकार ती मानत नाहीत. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि झकपक राहणारा माणूस या अर्थाने ‘पॉश’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी बोलीत होताच. आद्याक्षरांची ही कथा पुष्कळ नंतर जुळवली गेली.

गोष्टीतला हिशेब मात्र खोटा नाही. विलायतेहून मुंबईकडे बोट साधारण पूर्वेला येते, ऊन दक्षिणेकडून. म्हणजे पोर्टच्या खोल्या उत्तरेला, सावलीत. परतताना सावली स्टारबोर्डला. पंखेही नसलेल्या त्या खोल्यांत तांबडा समुद्र ओलांडताना सावलीची बाजू मिळणं म्हणजे मोठंच सुख. लोकांना ही कथा खरी वाटली ती यामुळे.

तुमच्या वडिलांनी मुंबई-मालवण आगबोटीने प्रवास केला असेल तर त्यांना आणखी एक पोर्ट ठाऊक असणार. मुंबईहून दक्षिणेला येताना सगळा किनारा डाव्या अंगाला. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मग मालवण. आमची आजी डेकवर पोर्टच्या कठड्यालाच वळकटी टाकायची. पोर्ट हा शब्द तिला माहीत नव्हता, ती ‘गावाकडची बाजू’ म्हणायची. पहाटे डोंगरामागून उजाडताना ती एकेक गाव ओळखायची, आणि दाभोळच्या तोंडावर पडाव, म्हणजे काठावरून येणारी होडी, उतारू घ्यायला येताना दिसला की वळकटी बांधायला घ्यायची. मुंबईला परत जाताना तीच बाजू स्टारबोर्डला यायची. जाताना पोर्ट आणि येताना स्टारबोर्ड ही आपल्याकडच्या चाकरमान्यांचीसुद्धा रीत होती. त्यांना सावली नको होती, किनारा हवा होता.

प्रश्न : मी होडीवर नवे एलईडी दिवे बसवून घेतले. एक लाल, एक हिरवा. वायरमनला विचारलं कुठला कुठे, तर म्हणाला कुठेही चालतो. बंदरात दोन्ही प्रकार दिसतात. खरा नियम काय?
(एक तरुण तांडेल, हर्णै)

उत्तर : कुठेही चालत नाही. कृपा करून हे उत्तर बंदरात इतरांनाही वाचून दाखवा. लाल दिवा पोर्टला, हिरवा स्टारबोर्डला. जगभर, सगळ्या बोटींना, विमानांच्या पंखांनासुद्धा. लक्षात ठेवायला सोपं : हृदय डावीकडे, रक्त लाल.

त्याचं कारण समजून घ्या. दोन यांत्रिक बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या स्टारबोर्डला दुसरी बोट आहे, तिने वाट द्यायची. आता रात्र आहे. तुमच्या उजव्या अंगाने एक होडी आडवी येते आहे, म्हणजे तिची डावी बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे तुम्हाला तिचा लाल दिवा दिसणार. लाल दिसला, तुम्ही वाट द्या. डाव्या अंगाने आडव्या येणाऱ्या होडीचा हिरवा दिसेल. ती तुम्हाला वाट देईल, तुम्ही आपला रोख आणि वेग बदलू नका, पण तिच्यावरची नजर काढू नका. सरळ समोरून लाल-हिरवा दोन्ही दिसले तर दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं, म्हणजे लाल दिव्याला लाल दिवा करून पार होता. रस्त्यावरच्या सिग्नलसारखंच हे वाचायचं.

उजवीकडून येणाऱ्या होडीने दिवे उलटे लावले असतील तर ती तुम्हाला हिरवी दिसणार. वाट आपली आहे असं समजून तुम्ही पुढे जाणार, आणि वाट तिचीच असल्यामुळे तीही थांबणार नाही. गेल्या मोसमात मी आमच्या खाडीच्या तोंडावर अशी एक होडी पाहिली. वर डोलकाठीला निळ्या-जांभळ्या झगमगत्या माळा आणि बाजूचे दिवे उलटे. त्या होडीवर आठ माणसं होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दिव्याचा कोनही महत्त्वाचा. प्रत्येक बाजूचा दिवा नेमक्या समोरपासून बाजूच्या थोडं मागेपर्यंत, 112.5 अंशांत दिसायला हवा. त्यापुढे मागचा पांढरा दिवा, 135 अंशांचा. नुसता रंगीत गोळा लावला तर तो सगळीकडून दिसतो आणि समोरच्याला काहीच कळत नाही. आडपडदा असलेलाच दिवा घ्या. 20 मीटरपेक्षा लहान होडीला लाल-हिरवा एकाच खोक्यात, मधोमध लावलेला चालतो.

बंदरात शिरताना याच रंगांचे बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, दिसतात. आपल्याकडे आत येताना लाल बोया पोर्टला ठेवायचा, हिरवा स्टारबोर्डला, आणि बाहेर जाताना उलट. अमेरिकेत आणि जपानात हे रंग उलटे असतात, पण तुम्हाला हर्णैला यायचं आहे, तेव्हा आपला नियम धरा.

दिवे बरोबर बसले का ते वायरमनला न विचारता स्वतः पाहा. काळोख पडला की होडी नांगरून दिवे लावा आणि दुसऱ्या होडीतून शंभर हात पुढे जाऊन नाळीच्या समोर या. लाल-हिरवा दोन्ही दिसायला हवेत. मग हळूहळू तिच्या डाव्या अंगाला सरका. हिरवा दिसेनासा झाला पाहिजे आणि लाल राहिला पाहिजे. तसेच मागे जात राहा, लालही जाईल आणि मागचा पांढरा उघडेल. तसं झालं नाही तर दिवे उतरवा आणि पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात नीट बसवून घ्या.